लहान मेंदूंतील लगाम आणि विषांच्या बैठकी

दारू चढलेला मनुष्य रस्त्यानें जातांना झोकांड्या खातो. पाय एकीकडे पडतो, अंग दुसरीकडे झुकतें, आणि घरीं पोहोंचल्यावर कुलपाच्या भोंकांत किल्ली घालण्यास त्यास चार वेळां हात पुढेंमागें करावा लागतो. कीटकनाशकाचा फवारा बसलेली माशी याच्या उलट वागते. ती प्रथम सैरावैरा धांवते, मग पाठीवर पडून तिचे पाय थरथरूं लागतात, आणि कांहीं वेळानें ती ताठ होऊन मरते. एकांत सैलपणा, तर दुसऱ्यांत ताठरपणा. या दोहोंचा परस्परांशीं कांहीं संबंध असेल असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. परंतु शरीरांतील ज्या सूक्ष्म दारांच्या कारभारांत दारू ढवळाढवळ करते, त्याच जातीच्या दारांवर आमच्या शेतांत वापरलीं गेलेलीं व अद्याप वापरलीं जाणारीं कित्येक कीटकनाशकें काम करितात. भेद इतकाच कीं, एकीकडे तें दार गरजेपेक्षां अधिक उघडें राहतें व दुसरीकडे तें कोंदून जातें. हीं दारें कीटकांत आहेत, जनावरांत आहेत आणि पाठीवर पंप घेऊन सरींतून चालणाऱ्या माणसाच्या डोक्यांतही आहेत. म्हणून त्यांची थोडी ओळख करून घेणें शेतकऱ्यास अनाठायीं होणार नाहीं.

डोक्याच्या मागील बाजूस, मोठ्या मेंदूच्या खालीं व मानेच्या वर जो भाग असतो त्यास लहान मेंदू म्हणतात. वजनानें तो एकंदर मेंदूच्या सुमारें दहाव्या हिश्शाएवढा. पण मज्जापेशींची गणती केली तर मेंदूंतील जवळजवळ चार पंचमांश पेशी एकट्या या लहान भागांत दाटीनें बसलेल्या आढळतात. हात हलवावा, पाऊल टाकावें, हा मूळ हुकूम मोठ्या मेंदूचा. तें पाऊल किती लांब पडावें, कोठें थांबावें, त्या वेळीं कमरेनें व खांद्यानें किती तोल सांभाळावा, हा सर्व मेळ लहान मेंदू जमवितो. नांगराचें तास सरळ धरणारा मनुष्य मनांत हिशेब करीत नाहीं. तो हिशेब येथें चाललेला असतो.

या भागाच्या बाहेरच्या सालींत मोठ्या, फांद्याफांद्यांच्या पेशींची एक रांग असते. यान पुर्किन्ये नांवाच्या बोहेमियांतील शास्त्रज्ञानें त्यांचें वर्णन १८३७ मध्यें केलें, म्हणून त्यांना पुर्किन्ये पेशी म्हणतात. माणसाच्या अशा एकेका पेशीला एक लाखाहून अधिक बारीक तंतू येऊन मिळतात. इतक्या बातम्या एकवटून ती पेशी शेवटीं जो निरोप खालीं पाठविते तो मात्र एकाच प्रकारचा असतो: ‘थांब.’ सालींतून बाहेर जाण्याची वाट या पेशींवांचून दुसरी नाहीं. म्हणजे लहान मेंदूच्या सालींतून बाहेर पडणारा प्रत्येक हुकूम मनाईचाच असतो. जपानचे मासाओ इतो व त्यांचे सहकारी यांनीं १९६० नंतरच्या दशकांत हें दाखविलें तेव्हां पुष्कळांस तें चमत्कारिक वाटलें. नुसत्या नकारांनीं काम कसें चालावें? पण बैलजोडी हांकणारास यांत नवल वाटूं नये. बैल आपण होऊनच चालत असतात. हांकणारा एका बाजूचा कासरा ओढतो, दुसरा सैल सोडतो, आणि त्या ओढींतूनच वळण घडतें. लहान मेंदूच्या गाभ्यांतील पेशी अशाच आपण होऊन धडधडत असतात. पुर्किन्ये पेशी त्यांचा कासरा धरतात.

ही ओढ ज्या द्रव्यानें चालते त्याचा इतिहास शेतकऱ्याच्या ओळखीच्या वस्तूपासून सुरू होतो. १९४९ मध्यें बटाट्याच्या कंदांत एक साधें अम्ल सांपडल्याचें प्रसिद्ध झालें. पुढच्याच वर्षीं अमेरिकेंत यूजीन रॉबर्टस् व होर्हे अवापारा यांच्या हातीं तेंच अम्ल मेंदूंत लागलें. गॅमा-अमिनो-ब्युटिरिक अम्ल असें त्याचें लांबलचक नांव. आद्याक्षरें जुळवून त्यास ‘गाबा’ म्हणतात. तें मेंदूंत काय करतें हें प्रथम कोणास सांगतां येईना. अर्न्स्ट फ्लोरी यांस जनावरांच्या मेंदूच्या अर्कांत असें कांहीं तरी आढळलें होतें कीं, तें लावतांच झिंग्याच्या जातीच्या एका प्राण्याचा मज्जातंतू गप्प होई. १९५७ मध्यें तें द्रव्य म्हणजे गाबाच, असें ठरलें. मेंदूंत ‘थांब’ हा निरोप मुख्यत्वें याच द्रव्याच्या हातीं जातो. पुर्किन्ये पेशींचा निरोपही तेंच नेतें.

निरोप नेणारा असला तरी ऐकणारा हवा. ज्या पेशीस थांबावयाचें तिच्या पृष्ठभागावर गाबाचे ग्राही असतात. ग्राही म्हणजे प्रथिनांचें दार होय. पिंपाच्या फळ्या जशा गोलाकार उभ्या रचतात, तशा पांच प्रथिनांच्या फळ्या उभ्या राहून मधें एक अरुंद भोंक ठेवतात. दोन फळ्यांच्या सांध्यांत गाबाची बैठक असते, आणि अशा बैठकी एका दारास दोन असतात. त्या भरल्या कीं दार उघडतें व मिठाचा जो क्लोराइड नांवाचा अंश अंगांतील द्रवांत विरघळलेला असतो त्याचे कण पेशींत शिरतात. त्यांचा विद्युद्भार ऋण असल्यामुळें पेशीची उसळी दबते. हें सर्व सेकंदाच्या एका लहानशा अंशांत होतें. माणसांत या फळ्यांचे एकोणीस प्रकार आहेत, आणि मेंदूच्या निरनिराळ्या भागांत त्यांची निवड निरनिराळी असते. पुढील सर्व कथा या निवडीवर आहे.

आतां औषधांकडे वळूं. स्टर्नबाख या रसायनशास्त्रज्ञाच्या संशोधनांतून १९६० मध्यें पहिलें व १९६३ मध्यें डायझेपाम हें झोंप व शांतता आणणारें औषध बाजारांत आलें. तें गुण देई, परंतु शरीरांत नेमकें कोठें बसतें हें चौदा वर्षें कोणास ठाऊक नव्हतें. १९७७ मध्यें कोपनहेगन व बाझल या दोन ठिकाणीं संशोधकांनीं एक सरळ युक्ति केली. डायझेपामच्या रेणूंना किरणोत्सर्गी खूण करून तें त्यांनीं उंदराच्या मेंदूच्या लगद्यांत कालविलें, न चिकटलेलें धुवून टाकलें, आणि मागें किती खूण राहते तें मोजलें. जें औषध जास्त गुणकारी तें चिकटलेल्या डायझेपामला अधिक सहज हुसकून लावी. याचा अर्थ असा कीं, बैठक ठराविक आहे आणि औषधाचा जोर बैठकीला बिलगण्यावर अवलंबून आहे. पुढें कळलें कीं, ही बैठक गाबाच्याच दारावर, पण गाबाच्या जागेपासून निराळ्या सांध्यांत आहे. डायझेपाम स्वतः दार उघडीत नाहीं. गाबानें ढकललें म्हणजे तें दार अधिक वेळां उघडेल अशी सोय करतें. जेथें गाबाच पोहोंचलें नाहीं तेथें त्याचा इलाज चालत नाहीं. म्हणूनच एकट्या डायझेपामनें सहसा प्राण जात नाहीं. त्यावर दारू घेतली असतां मात्र श्वास मंदावून मनुष्य दगावतो, कारण दोन्हींची ओढ एकाच बाजूस असते. ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतों. गोळी घेऊन निजणाऱ्याच्या उशाशीं बाटलीही असावी असा प्रकार खेड्यांतही आतां दुर्मिळ राहिलेला नाहीं.

लहान मेंदूंत तपासणी करतां एक अडचण उभी राहिली. डायझेपामच्याच बैठकीला बिलगणारें ‘आर-ओ १५-४५१३’ असें क्रमांकाचें एक द्रव्य होतें. १९८६ मध्यें असें प्रसिद्ध झालें कीं, तें दिलें असतां झिंगलेले उंदीर सावध दिसूं लागतात. दारूवरील उतारा सांपडला म्हणून गाजावाजा झाला. तें बाजारांत मात्र कधींच आलें नाहीं, आणि तें बरेंच झालें. रक्तांतील दारू तशीच ठेवून नुसती शुद्ध आणणारा उतारा मिळाला तर लोक अधिकच पितील, हें सांगण्यास शास्त्रज्ञ नको. पण त्या द्रव्यास खूण लावून लहान मेंदूच्या लगद्यांत घातलें तेव्हां असें दिसलें कीं, कांहीं बैठकींवरून डायझेपाम त्यास सहज हुसकतें, आणि कांहींवरून डायझेपामचा कितीही लोंढा सोडला तरी तें हलत नाहीं. म्हणजे लहान मेंदूंत डायझेपामला न जुमानणारें असें एक निराळें दार आहे!

१९९० मध्यें हायडेलबर्ग येथील पीटर झेबुर्ग व त्यांचे सहकारी यांनीं त्या दाराची फळी ओळखली. ‘अल्फा-सहा’ असें तिचें नांव. लहान मेंदूंतील ज्या बारीक, असंख्य दाणेदार पेशी आहेत, त्यांतच ही फळी मुख्यतः असते. डायझेपामला जुमानणाऱ्या तशा इतर फळ्यांत शंभराव्या जागेच्या सुमारास हिस्टिडीन हें अमिनो अम्ल असतें. अल्फा-सहांत तेथें आर्जिनीन असतें. शेंकडों अमिनो अम्लांच्या माळेंतील एवढा एक मणी निराळा, आणि डायझेपामला बसावयास जागा नाहीं. १९९२ मध्यें तो मणी बदलून पाहिला तेव्हां बैठक पुनः मोकळी झाली.

याच वेळीं फिनलंडमधून दुसरी बातमी आली, आणि निवड-पैदाशीचा ज्यांना अनुभव आहे अशा आमच्या वाचकांस ती विशेष रुचेल. तेथें वर्षानुवर्षें उंदरांचे दोन वंश निवडून वाढविले जात होते. परीक्षा साधी होती. थोडी दारू पाजून उंदीर एका फळीवर ठेवावयाचा व फळी तिरकी करीत जावयाचें. जे लवकर घसरत त्यांची पैदास एकीकडे, जे टिकून राहत त्यांची दुसरीकडे. चांगल्या वळूची किंवा बियाण्याच्या कणसाची निवड आपण जशी करतों तशीच ही निवड. हेतु तेवढा वेगळा. घसरणाऱ्या वंशास डायझेपाम दिलें असतां तो वंश त्यानेंही फार लडखडे. १९९३ मध्यें त्याचें कारण कळलें. त्या वंशांतील अल्फा-सहा फळीचा तोच शंभरावा मणी बदललेला होता. आर्जिनीन जाऊन ग्लुटामीन आलें होतें, आणि लहान मेंदूचें तें हट्टी दार डायझेपामला वश झालें होतें. पैदास करणाऱ्यांनीं नजरेनें केलेल्या निवडीच्या तळाशीं एक मणी सांपडावा, हें आम्हांस या सर्व कथेंतील सर्वांत सुंदर स्थळ वाटतें.

दारूच्या बाबतींत मात्र प्रकरण इतकें सरळ निघालें नाहीं. १९९७ मध्यें अल्फा-सहा फळी मुळींच नसलेले उंदीर तयार करण्यांत आले. ते नीट चालत, आणि दारूनें इतरांइतकेच झिंगत. तेव्हां दारू याच एका फळीवर बसते हा समज टिकला नाहीं. २००४ मध्यें असें दाखविण्यांत आलें कीं, दारूमुळें लहान मेंदूंतील दाणेदार पेशींवर गाबाचा वर्षाव वाढतो. निरोप्याच जास्त येऊं लागले म्हणजे दार जास्त वेळां उघडणारच. दाराच्या फळीवर दारूची स्वतःची बैठक कितपत आहे यावर विद्वानांत बराच वाद झाला आहे. परिणाम कोणत्याही वाटेनें होवो, दाणेदार पेशी गप्प होतात, पुर्किन्ये पेशींस पुरेशी बातमी मिळत नाहीं, कासरा वेळेवर ओढला जात नाहीं, आणि पाय भलतीकडे पडतो.

आतां शेताकडे येऊं. सह्याद्रीच्या व कोंकणाच्या जंगलांत काकमारीची वेल आढळते. तिच्या बिया कुटून पाण्यांत टाकल्या तर मासे गुंगून वर येतात. त्या बियांतील पिक्रोटॉक्सिन नांवाचें विष १८१२ मध्येंच वेगळें काढण्यांत आलें होतें. तें गाबाच्या दाराच्या ऐन भोंकांत जाऊन बसतें. पाटाच्या दारांत गोणपाटाचा बोळा अडकावा त्याप्रमाणें मग गाबा कितीही आलें तरी क्लोराइड आंत शिरूं शकत नाहीं. लगाम तुटतो, पेशी बेफाम धडधडूं लागतात, आणि झटके येतात. (काजऱ्याच्या बियांतील विष असेंच झटके आणतें, पण तें याच कुळांतील दुसऱ्या, ग्लायसीन नांवाच्या द्रव्याच्या दारावर बसतें.) माणसानें कारखान्यांत तयार केलेलीं कित्येक कीटकनाशकें नकळत याच बोळ्याच्या जागेवर येऊन पोहोंचलीं. एके काळीं घरोघरीं असलेली बी.एच.सी. पावडर घ्या, तिच्यांतील मारक अंश लिंडेन. डिएल्ड्रीन घ्या, एंडोसल्फान घ्या, किंवा आजचें फिप्रोनिल घ्या. रसायनें एकमेकांशीं दिसावयास मुळींच सारखीं नाहींत; बैठक मात्र सर्वांची तेथेंच. कॅलिफोर्नियांतील जॉन कॅसिडा यांनीं खुणा लावलेल्या द्रव्यांनीं हें ताडून पाहिलें.

किड्यास लहान मेंदू नसतो, तरी गाबाचें दार त्याच घडणीचें असतें. मग किडा मरतो आणि माणूस वांचतो तो कशानें? मुख्यतः मात्रेच्या फरकानें, आणि कांहीं अंशीं बैठकीच्या फरकानें. फिप्रोनिल किड्याच्या दाराला घट्ट बिलगतें, आपल्या दाराला बरेंच ढिलें. एंडोसल्फानमध्यें हा फरक फारच थोडा होता. केरळांत कासरगोडच्या काजूबागांवर हेलिकॉप्टरांनीं तें वर्षानुवर्षें फवारलें गेलें, त्याचे भोग तेथील लोकांनीं भोगले, आणि १३ मे २०११ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें त्यावर देशभर बंदी घातली. फिप्रोनिलच्या बाबतींतही निर्धास्त राहूं नये. पानावर ऊन पडून त्याचें जें रूपांतर होतें व अंगांत गेल्यावर त्याचें जें रूपांतर होतें, तीं दोन्ही मूळ द्रव्याइतका किडा-माणूस भेद पाळीत नाहींत. मधमाश्यांस तर तें फारच घातक आहे.

विषबाधेचीं लक्षणें या दारांच्या हिशेबानें वाचतां येतात. लगाम जास्त ओढला गेला तर मनुष्य लडखडतो, बोबडें बोलतो, पेंगतो. लगाम तुटला तर डोकें दुखतें, ओकारी होते, अंग फडफडतें, आणि शेवटीं झटके येतात. फवारणीच्या दिवशीं दारू प्यालेल्या माणसांत हीं दोन्ही चित्रें एकमेकांत मिसळतात आणि आरंभींचीं चिन्हें ‘प्यालाय’ म्हणून सोडून दिलीं जातात. असें सोडून देणें प्राणावर बेततें. झटके आलेल्या माणसास डॉक्टर डायझेपामच्या जातीचें औषध टोंचतात. बोळा न बसलेलीं दारें त्यानें अधिक उघडतात व लगाम पुनः हातीं येतो. पण फिप्रोनिलवर नेमका असा उतारा नाहीं. याउलट मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस या जातीचीं विषें गाबाच्या दारावर काम करीतच नाहींत. तीं निराळ्या द्रव्याचा निचरा थांबवितात, आणि तेथें ॲट्रोपीन हें औषध प्राण वांचवितें. तेव्हां रोग्याबरोबर औषधाचा डबा किंवा त्यावरील चिठ्ठी दवाखान्यांत नेलीच पाहिजे. नांव कळलें नाहीं तर डॉक्टरास कोणतें दार बिघडलें याचा केवळ तर्क करीत बसावें लागतें. २०१७ च्या पावसाळ्यांत यवतमाळ जिल्ह्यांत कापसावर फवारतांना शेतकरी व मजूर दगावले, त्यानंतर पांच कीटकनाशकांची विक्री कांहीं काळ थांबविण्यांत आली. त्या पांचांत मोनोक्रोटोफॉस होतें, प्रोफेनोफॉसचें मिश्रण होतें, आणि फिप्रोनिल व इमिडाक्लोप्रिड यांचें मिश्रणही होतें. तीन निराळ्या दारांवरचीं विषें एकाच पंपांत ओतणारास झालेल्या बाधेचें निदान कोणी व कसें करावें?

एक गोष्ट राहिली, आणि ती खिशाशीं निगडित आहे. फिनलंडच्या उंदरांत एक मणी बदलला तशीच गोष्ट किडींतही घडते. डिएल्ड्रीननें न मरणाऱ्या फळमाशीचा रिचर्ड फ्रेंच-कॉन्स्टंट यांनीं १९९० च्या सुमारास तपास केला. गाबाच्या दारांत, अगदीं त्या भोंकाच्या भिंतीस, ॲलनिन जाऊन सेरीन आलें होतें. बोळा तेथें ठरेना. पुढें हाच बदल घरमाशींत, साठवणुकीच्या धान्यांतील तांबड्या भुंगेऱ्यांत, कॉफीच्या फळांतील किड्यांत आणि डासांतही सांपडला. डासांत तर डिएल्ड्रीन बंद होऊन पुष्कळ वर्षें लोटल्यावरही तो टिकून राहिलेला आढळतो. उंदरांत निवड पैदास करणाऱ्यांनीं केली. शेतांत ती आपणच करतों, कारण प्रत्येक फवारणींत मरणारे बाजूला पडतात आणि न मरणारे अंडीं घालतात.

म्हणून औषध पालटतांना बाटलीवरचें व्यापारी नांव पालटून भागत नाहीं. बैठक पालटावी लागते. कीटकनाशकांचे कार्यपद्धतीवरून जे गट पाडलेले आहेत, त्यांत फिप्रोनिल व एंडोसल्फान गट २ मध्यें येतात. इमामेक्टिन व अबामेक्टिन गट ६ मध्यें आहेत. तीं क्लोराइडच्याच, पण मुख्यतः ग्लुटामेट नांवाच्या द्रव्यानें उघडणाऱ्या दारावर बसतात, आणि तें दार माणसांत नाहीं. ब्रोफ्लॅनिलाइड हें नवें औषध गट ३० मधलें. तें गाबाच्याच दारावर, परंतु दुसऱ्या बैठकींत बसतें. त्यामुळें डिएल्ड्रीनला दाद न देणारे, सेरीनचा मणी असलेले किडेही त्यानें मरतात. गटाचा हा आंकडा चिठ्ठीवर छापलेला असेल तर पाहावा. नसल्यास द्रव्याचें मूळ नांव वाचून कृषि विद्यापीठाच्या किंवा कृषि खात्याच्या जाणकारास तो विचारावा, आणि मागील फवारणीचा गट वहींत लिहून ठेवलेला असावा.